जुन्या धाटणीचा मॉड्युलर सिंथ: खान्देशात बसून पहिली सिस्टीम कशी निवडाल

मॉड्युलर सिंथ म्हणजे विजेवर आवाज घडवणारं असं वाद्य, जे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, वायरींनी जोडून आपणच रचायचं. अमळनेरला माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कोणतं मॉड्यूल घेऊ?" यातल्या बऱ्याच जणांनी बँड पार्टीत कीबोर्ड नाहीतर ऑक्टापॅड वाजवलेला असतो. काही जण शॉर्ट फिल्मचं साउंड करतात. एखादा रात्री हेडफोन लावून कुणी न ऐकलेले आवाज शोधत बसणारा असतो. मी सगळ्यांना एकच सांगतो, मॉड्यूल सगळ्यात शेवटी. आधी घराणं निवडा.

घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. किराण्याचा गायक एकेका स्वराच्या लगावावर जीव टाकतो, आग्र्याचा गायक बोल आणि लय यांच्याशी खेळतो, आणि एकाची तालीम दुसऱ्याच्या गळ्यावर लगेच चढत नाही. मॉड्युलर सिंथेसायझरचंही तसंच आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत तीन-चार माणसांनी आवाज कसा घडवायचा याची वेगवेगळी उत्तरं दिली, आणि आज बाजारात मिळणारं जवळपास प्रत्येक मॉड्यूल त्यातल्या कुठल्यातरी उत्तरातून आलेलं आहे. हे न समजता दिसेल ते सुंदर पॅनल घेत गेलात, तर दोन वर्षांनी केस, म्हणजे मॉड्यूल बसवायची पेटी, भरलेली असते आणि एकही आवाज आपला नसतो. असं झालेले लोक मी पाहिलेत, म्हणून हा लेख.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं ऐका

पैसे खर्च करण्याआधी मोबाइलचा रेकॉर्डर घेऊन सात दिवस फिरा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या बाहेर रात्री उभे राहा. सुरत-जळगाव मार्गावरून, म्हणजे आपल्या तापी लाईनवरून, मालगाडी निघताना एकापाठोपाठ एक कपलिंग ताणले जातात, तो आवाज इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत पळत जातो, तो घ्या. ट्रान्सफॉर्मरखाली उभे राहून त्याची गुणगुण घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून तो १०० हर्ट्झवर घुमतो. सातपुड्याकडे होळीला गेलात तर पावरी ऐका. भोपळ्याच्या त्या वाद्यात श्वास, सूर आणि खरखर एकत्र येतात, आणि प्रयोगशील आवाज करणाऱ्याला त्यातून खूप शिकता येतं.

मग वहीत तीन रकाने करा. सतत चालणारे आवाज एकात, ठोका पडून विरणारे दुसऱ्यात, आणि कधी काय होईल सांगता येत नाही असे तिसऱ्यात. आठवड्यानंतर कोणता रकाना जास्त भरलाय ते बघा. पुढची निवड बरीचशी त्यावरच होणार आहे.

दुसरी पायरी: आत चालतं काय, हे एकदा समजून घ्या

यात फार वेळ घालवायचं कारण नाही. मॉड्युलरमध्ये सगळा कारभार व्होल्टेजचा. ऑसिलेटर आवाज काढतो, फिल्टर त्यातला काही भाग कापतो, व्हीसीए म्हणजे व्होल्टेजवर चालणारा अँप्लिफायर तो लहान-मोठा करतो. एन्व्हलप (एकदा चढून उतरणारं व्होल्टेज), एलएफओ (सावकाश हेलकावणारं) आणि सिक्वेन्सर (ठरलेल्या क्रमानं पायऱ्या देणारा) ही मॉड्यूल स्वतः वाजत नाहीत, ती बाकीच्यांचे नॉब अदृश्य हातानं फिरवतात. हातात येतो तो नॉब आणि जॅकमध्ये खोचायची पॅच केबल, बाकी सगळं तुमच्या डोक्यात.

एक आकडा मात्र पाठ करा. मोग आणि आजच्या बहुतेक सिस्टीममध्ये सुरासाठी सप्तकाला १ व्होल्ट हा हिशोब असतो. १ व्होल्ट वाढला की कंपनसंख्या दुप्पट. म्हणजे एका सेमीटोनला, सप्तकाच्या बाराव्या भागाला, साधारण ८३ मिलिव्होल्ट. व्होल्टेजमध्ये इतकीशी चूक झाली तरी कानाला कळते, हे पुढे उन्हाळ्याचं सांगीन तेव्हा उपयोगी पडेल.

तिसरी पायरी: घराणी

मोग घराणं. रॉबर्ट मोग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत १९६४ मध्ये पहिला नमुना केला. पद्धत अशी की सुरुवातीलाच भरगच्च लाट घ्यायची, करवतीच्या दातांसारखी किंवा चौकोनी, आणि फिल्टरनं तिला तासत जायचं. दगडातून मूर्ती काढावी तसं. मोगचा ट्रान्झिस्टर लॅडर फिल्टर सप्तकामागे २४ डेसिबल कापतो, आणि त्याचा तो जाडसर, मधाळ आवाज आजही कुणी विसरलेलं नाही. लांब घुमणारे खर्ज, हळूहळू उघडणारे पडदे, गर्जना, यासाठी हे घराणं.

या घराण्याचं आपल्याशी जवळचं नातं आहे. तापी लाईनची गाडी धरून सुरतेला उतरा आणि तिथून अहमदाबादला जा. त्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मोग मॉड्युलर आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवला. गीता साराभाई यांनी त्यावर काम केलं, त्याच गीताबेन ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केजना भारतीय संगीत शिकवलं होतं. आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनीही तिथे ध्वनिफिती केल्या. त्या फिती कित्येक दशकं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. लंडनचे कलाकार आणि संगीतकार पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सर्वांसाठी बाहेर आल्या. नवख्यांनी यूट्यूबवरचे चकचकीत डेमो ऐकण्याआधी हे ऐकावं असं मला फार मनापासून वाटतं. आपल्यासारख्याच उन्हात, आपल्यासारख्याच विजेवर बसून, कीबोर्डच्या पलीकडे जाऊन त्या लोकांनी काय ऐकलं ते कळतं.

बुक्ला घराणं. डॉन बुक्ला कॅलिफोर्नियात, मोग यांच्याच काळात, पण दोघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करत होते. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमॉन सेंडर यांनी त्यांना वाद्य करायला सांगितलं. बुक्ला यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड नकोच होता. त्यांनी स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या पट्ट्या केल्या. इथे तासायचं काम कमी आणि वाढवायचं जास्त. साधी साइन लाट घ्यायची आणि ती वेव्हफोल्डरमध्ये घालायची. लाटेचा शेंडा ठरावीक उंचीच्या वर गेला की तो खाली दुमडला जातो, आणखी जोर दिला की पुन्हा वर. जितक्या घड्या तितके नवे स्वरांश. मग तो आवाज लो-पास गेटमधून, म्हणजे आवाजाची चमक आणि जोर दोन्ही एकत्र कमी-जास्त करणाऱ्या दारातून, जातो. त्यात व्हॅक्ट्रोल असतो, म्हणजे एका काळ्या डबीत समोरासमोर बसवलेला एलईडी आणि प्रकाशानं रोध बदलणारा रेझिस्टर. एलईडी विझला तरी रेझिस्टर लगेच शांत होत नाही, सावकाश सावरतो. त्यामुळे आवाज एकदम तुटत नाही. आधी त्याची चमक जाते, मग तो जातो, अगदी लाकडावर बोट मारल्यासारखं. ज्यांचा दुसरा आणि तिसरा रकाना भरलाय, त्यांनी इकडे वळावं. अनिश्चित व्होल्टेज देणारं मॉड्यूलही बुक्लांनी खास घडवलं होतं, आणि त्याची नक्कल आज अनेक जण बनवतात.

सर्ज घराणं. सर्ज चेरेपनिन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एका कला महाविद्यालयात शिकवत होते. बुक्ला परवडत नाही म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन स्वतःची मॉड्यूल घडवायला घेतली. लोकांनी स्वतः सोल्डर करून नेली. यातली मूळ कल्पना मला सगळ्यात श्रीमंत वाटते: मॉड्यूलला एक ठरलेलं काम द्यायचंच नाही. चढ आणि उतार एवढंच जाणणारं एक मॉड्यूल, पण वायर कुठे लावता त्यावर ते एन्व्हलप होतं, एलएफओ होतं, ऑसिलेटर होतं, नाहीतर उड्या मारणाऱ्या व्होल्टेजला मींड देणारं होतं. मेक नॉइज कंपनीचं मॅथ्स हे लोकप्रिय मॉड्यूल याच विचारातून आलं. पैसे कमी आणि डोकं लावायची तयारी जास्त असेल, तर हे घराणं आपल्या मुलखातल्या माणसाला चांगलं जमतं. पंपाचं स्टार्टर उघडून तारेचा तुकडा लावून मोटार चालू करणारे लोक आपण.

एआरपी आणि ईएमएस या दोन कंपन्यांच्या वाद्यांना मी घराण्यांपेक्षा बाज म्हणेन. एआरपी २५०० मध्ये वायरींऐवजी सरकत्या पट्ट्यांचं मॅट्रिक्स होतं. एलियान रादिग या फ्रेंच संगीतकार बाईंनी हे वाद्य घेतलं ते कीबोर्ड न घेता, आणि जवळपास तीस वर्षं त्याच एका यंत्रावर अतिशय संथ, तासाच्या आसपास चालणाऱ्या रचना केल्या. तंबोऱ्याच्या आवाजात ज्याला रमता येतं त्याला ते लगेच कळेल. लंडनच्या ईएमएसनं १९६९ मध्ये व्हीसीएस-३ काढला. त्यात सोळा बाय सोळा भोकांच्या फळीत पिना खोचून जोडण्या करायच्या.

पहिला रकाना भरलेल्यांनी मोग किंवा एआरपी, दुसरा-तिसरा भरलेल्यांनी बुक्ला, आणि तिन्ही सारखे भरलेल्यांनी सर्जचा विचार करावा, असा माझा सल्ला. पण कानाचं ऐकायचं, माझं नव्हे.

चौथी पायरी: तीन महिने लॅपटॉपवर

व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्यात खऱ्या मॉड्यूलसारख्याच वायरी ओढाव्या लागतात. वर सांगितलेल्या प्रत्येक घराण्याच्या पद्धतीची मॉड्यूल त्यात आहेत. एक अट स्वतःला घाला: एका वेळी आठपेक्षा जास्त मॉड्यूल उघडायची नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये तीस ऑसिलेटर लावता येतात, म्हणून खरी सवय लागत नाही. आठांत तीन महिने काढलेत, तर कोणतं मॉड्यूल रोज उघडलं आणि कोणतं कधीच लागलं नाही याची यादी आपोआप तयार होते. ती यादी कुठल्याही दुकानदारापेक्षा खरं सांगते.

पाचवी पायरी: आकार ठरवा

मोगच्या मूळ मापाला ५-यू म्हणतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची. पॅनल पावणेनऊ इंच उंच, नॉब मोठे, आणि जॅक आपल्या गिटार-कीबोर्डच्या जाड पिनेचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे. बोटांना फार सुख, पण जागा आणि पैसे दोन्ही खातं. बुक्ला आणि सर्ज ४-यू मापाचे आहेत आणि त्यांत बनाना प्लग लागतात, बुक्लात मात्र फक्त कंट्रोल व्होल्टेजसाठी. फिजिक्सच्या लॅबमध्ये पॉवर सप्लायला लाल-काळे प्लग लावलेत ना, तेच. ते एकावर एक खोचता येतात, त्यामुळे एक व्होल्टेज चार ठिकाणी न्यायला वेगळं काही लागत नाही. मात्र बनाना वायरीत ग्राउंड नसतो. दोन वेगळ्या सिस्टीम जोडायच्या तर त्यांचे ग्राउंड एका स्वतंत्र वायरीनं जोडावे लागतात. शिवाय बुक्लाच्या २०० मालिकेचा हिशोब सप्तकाला १.२ व्होल्ट आहे. तो इतरांशी सरळ जुळत नाही.

आणि मग युरोरॅक. जर्मनीचे डिटर डेप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर ए-१०० ही मालिका काढली आणि तिच्या मापावर आज शेकडो कंपन्या मॉड्यूल करतात. पॅनलची उंची १२८.५ मिलिमीटर. रुंदी एचपीमध्ये मोजतात, १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. ८४ एचपीची एक ओळ म्हणजे साधारण ४२७ मिलिमीटर. जॅक ३.५ मिलिमीटरचे, जुन्या मोबाइलच्या हेडफोनसारखे, पण मोनो. वीज उणे आणि अधिक १२ व्होल्ट.

नवख्यानं युरोरॅकच घ्यावा. घराणं कुठलंही असो, त्याची मॉड्यूल या मापात मिळतात, जुनी विकली जातात, आणि बिघडलं तर माहिती सापडते. खराखुरा १९७० चा सिंथ घ्यायचा मोह होईल. तो टाळा. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, अमेरिकेचा असेल तर तो ११५-१२० व्होल्टवर चालतो, आणि आपल्या २३० वर चुकून लावला तर संपला.

सहावी पायरी: एक पूर्ण वाद्य, मग चार मॉड्यूल

सुट्या मॉड्यूलनं सुरुवात करू नका. आधी एक सेमी-मॉड्युलर घ्या, म्हणजे वायर न लावताही वाजणारं आणि वायर लावली की बदलणारं वाद्य. मोगकडे वळणाऱ्याला मदर-३२ आहे. बेरिंजरचं न्यूट्रॉन कमी पैशात बरंच देतं. बुक्लाकडे ओढ असेल तर मेक नॉइजचं नो-कोस्ट (लिहितात 0-Coast) बघा, त्यात घड्या घालणारा भाग आणि सर्जसारखा चढ-उताराचा भाग दोन्ही आहेत. एआरपी २६०० कॉर्गनं २०२० मध्ये पुन्हा काढला आणि बेरिंजरचीही प्रत मिळते. शिकायला यासारखं दुसरं वाद्य नाही, पण टेबल अडवतं. कॉर्गचा एमएस-२० मिनी स्वस्त आणि रांगडा आहे. मात्र त्याचा सुराचा हिशोब सप्तकाला १ व्होल्टचा नाही, त्याच्या ट्रिगरची, म्हणजे आवाज सुरू करणाऱ्या छोट्या इशाऱ्याची, रीतही उलटी आहे, आणि तो युरोरॅकशी सरळ बोलत नाही. हे माहीत नसताना घेतलं की मन खट्टू होतं.

सहा महिन्यांनी ८४ एचपीची केस घ्या आणि तुमच्या लॅपटॉपच्या यादीतली चार मॉड्यूल. माझ्याकडून सुचवायचं तर डेप्फरची साधी, रंगहीन पॅनलची मॉड्यूल: ए-११८ हे नॉइज आणि रँडमसाठी, ए-१४८ हे सँपल अँड होल्डसाठी (ट्रिगर आला की त्या क्षणीचं व्होल्टेज पकडून धरून ठेवणं), ए-१०१-२ हे व्हॅक्ट्रोलच्या लो-पास गेटसाठी, ए-११४ हे रिंग मॉड्युलेटरसाठी. रिंग मॉड्युलेटर दोन आवाजांचा गुणाकार करतो. बाहेर पडते ती त्यांची बेरीज आणि वजाबाकी, ४०० आणि ३०० हर्ट्झ घातलेत तर ७०० आणि १००, मूळचे दोन्ही गायब. पितळी घंटा, ताटल्या, तुटक्या रेडिओचे आवाज इथून येतात. त्यानंतर व्हीसीए आणि मिक्सर. कुणाला या दोघांचं आकर्षण वाटत नाही, पण चार महिन्यांनी कमी पडतात ते हेच. ऑसिलेटर कधी कमी पडत नाहीत.

पैसे वाचवायची एक जागा आहे. मल्टिपल म्हणजे एका जॅकचे चार जॅक, आणि अ‍ॅटेन्यूएटर म्हणजे व्होल्टेज कमी करणारा नॉब. या दोघांना वीज लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ३.५ मिलिमीटरचे मोनो जॅक आणि १०० किलोओहमचे पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रेझिस्टर, आणा, गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे बसा, आणि ते सोल्डरिंग कसं करतात ते बघा. मी तिथेच शिकलो. शिशाचा थेंब चकाकता बसला तर जोड पक्का, राखाडी आणि दाणेदार बसला तर पुन्हा तापवायचा, हे त्यांनी मला बोट धरून दाखवलं.

सातवी पायरी: वीज, ऊन, धूळ

हे परदेशातल्या माहितीत सापडत नाही आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतं.

आधी पॉवर सप्लायचं गणित. प्रत्येक मॉड्यूल अधिक १२ वर किती मिलिअँपिअर खातं आणि उणे १२ वर किती, हे त्याच्या माहितीत दिलेलं असतं. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या करा. समजा आठ मॉड्यूल सरासरी ८० मिलिअँपिअर घेतात, म्हणजे ६४०. अशा वेळी त्या बाजूला १ अँपिअरचा सप्लाय घ्या. काठोकाठ भरू नका, उन्हाळ्यात सप्लायही तापतो.

मॉड्यूल केसला जोडते ती रिबन केबल. तिच्या एका कडेला लाल पट्टा असतो आणि तो उणे १२ व्होल्टच्या बाजूला बसवायचा असतो. एका मे महिन्यात मी सगळी मॉड्यूल काढून ब्लोअरनं धूळ काढली आणि परत लावताना एक रिबन उलटी गेली. चालू केल्यावर दोन सेकंदांत जळक्या प्लास्टिकचा वास आला. बटण बंद केलं तोवर आतल्या एका आयसीला फोड आला होता. काही मॉड्यूलमध्ये उलट्या वीजेपासून वाचवणारे डायोड असतात, त्यात नव्हते. त्या दिवसापासून मी रिबन लावली की मोबाइलच्या टॉर्चमध्ये पट्टा बघतो, आणि एका वेळी एकच मॉड्यूल लावून चालू करून पाहतो. पॅच केबल चालू असताना बदलल्या तरी चालतात. रिबनला मात्र हात लावायचा तो प्लग काढूनच.

आता ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत विचारूच नका. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा सूर ज्या ट्रान्झिस्टरवर उभा असतो, तो तापमानाप्रमाणे बदलतो, अंशाला साधारण ०.३३ टक्के. त्याची भरपाई केलेली नसेल, तर हिवाळ्यात २० अंशांवर लावलेला ऑसिलेटर ४२ अंशांच्या खोलीत सप्तकामागे पाऊण सेमीटोनहून जास्त चुकतो. चांगले निर्माते भरपाईसाठी तापमानासोबत बदलणारा खास रेझिस्टर बसवतात. ऑसिलेटर घेताना हे विचारून घ्या. मग सवय लावा: चालू करून अर्धा तास तसंच राहू द्यायचं, त्यानंतर सूर लावायचा. तंबोरा पेटीतून काढल्या काढल्या कुणी मैफलीला बसत नाही.

कुलरची हवा थेट केसवर येऊ देऊ नका. ती ओली असते. जॅकच्या आतल्या पत्र्या काळवंडतात आणि मग वायर हलवली की खरखर. रात्री झाकायला सुती कापड घ्या, प्लास्टिक घेऊ नका, आत दमटपणा कोंडतो.

लाइट येते-जाते तिथे स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावा, आणि घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. ध्वनिमुद्रणात जाडसर गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. दहांतल्या कित्येक वेळा ती तिथेच थांबते.

आणखी एक, स्पीकरचं. युरोरॅकमधून आवाज साधारण १० व्होल्टच्या झोक्यानं बाहेर पडतो, घरच्या अँप्लिफायरला हवा असतो १ व्होल्टच्या आसपास. मध्ये आउटपुट मॉड्यूल घाला, आवाज शून्यावरून वाढवा. आणि कंट्रोल व्होल्टेजची वायर चुकून स्पीकरकडे नेऊ नका. स्थिर व्होल्टेज ऐकू येत नाही, पण स्पीकरची कॉइल तापवतं.

आठवी पायरी: खरेदी

नवं परदेशातून मागवाल तर कस्टम ड्युटी निव्वळ वस्तूच्या किमतीवर बसत नाही. वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर बसते, आणि ती रक्कम अधिक ड्युटी अशा बेरजेवर पुन्हा आयजीएसटी. म्हणून संकेतस्थळावरचा आकडा रुपयांत बदलून खूश होऊ नका, पूर्ण हिशोब मांडा. चार पार्सलं चार वेळा मागवण्यापेक्षा एकदाच मागवा, कुरिअरचं कस्टमचं शुल्क दर पार्सलला लागतं. केवायसी आधी भरून ठेवा. विक्रेता पार्सलवर "गिफ्ट" लिहून देऊ का विचारेल, त्याला नाही म्हणा. माझं एक पार्सल चुकीच्या किमतीच्या पावतीमुळे सहा आठवडे अडकलं होतं, आणि शेवटी दंडासकट पडलं ते महागच.

जुनं घेताना विक्रेत्याकडून व्हिडिओ मागा. ऑसिलेटर असेल तर तीन सप्तकं खालून वर वाजवून दाखवायला सांगा, शेजारी मोबाइलचं ट्यूनर दिसलं पाहिजे. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवताना आवाज ऐका. मागच्या बाजूचा फोटो मागा, सोल्डर पुन्हा केल्याच्या खुणा दिसतात. रिबन केबल आणि स्क्रू सोबत आहेत ना, तेही विचारा.

नववी पायरी: पहिली संध्याकाळ

दोन ऑसिलेटर एका सुरात लावा आणि मग एकाला केसभर वर करा. एक १०० हर्ट्झवर, दुसरा १००.५ वर असेल तर दर दोन सेकंदांनी एक लाट येईल, तंबोऱ्याच्या जोडीसारखी. नॉबला हात न लावता दहा मिनिटं ऐका. कंटाळा येईल, मग जाईल, मग लाटेच्या आतले वरचे स्वरांश दिसायला लागतील.

आता हा पॅच, म्हणजे वायरींची ही जोडणी, काढून दुसरा लावा. साइन लाट लो-पास गेटमध्ये. गेटला एन्व्हलप नको, नुसता छोटा ट्रिगर द्या. नॉइज सँपल अँड होल्डमध्ये घाला, त्यातून प्रत्येक ट्रिगरला निघणारं वेगळं व्होल्टेज ऑसिलेटरच्या सुराला द्या, पण मध्ये अ‍ॅटेन्यूएटर ठेवा आणि तो जवळजवळ बंद ठेवा. ठिबकल्यासारखे थेंब पडायला लागतील, प्रत्येक थोडा वेगळा. अ‍ॅटेन्यूएटर हळूहळू उघडा. सुरुवातीला एकाच भांड्यात पडणारे थेंब असतात, मग दोन भांडी होतात, मग अंगणभर मांडलेली. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारच्या आजी खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "हाऊ कसाना आवाज शे रे भाऊ? माठ गळी ऱ्हायना का?" मी त्यांना आत बोलावून नॉब हातात दिला. त्यांनी तो अगदी सावकाश फिरवला, माझ्यापेक्षा सावकाश, आणि थेंब जिथे दोनाचे तीन होतात तिथेच थांबवला.

ती जागा मी पेन्सिलीनं नॉबच्या कडेला खूण करून ठेवली. तुम्हीही वही ठेवा. कुठली वायर कुठून कुठे, कुठला नॉब किती वाजता, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखा दहावर की दोनवर, हे चित्र काढून लिहा. शेवटी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा, आणि मगच वायरी काढा.